मुक्त संहितेचे वाचन : जीसीसी कंपायलर-प्रणालीची चिकित्सक समीक्षा

प्रस्तावना

कादंबरीची समीक्षा करावी, नाटकाची करावी, इतिहासग्रंथाची करावी, हे आपल्या विद्याव्यवहाराला मान्य आहे. संगणकाची आज्ञावली हाही समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मात्र आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. आज्ञावली चालते की नाही, वेगाने चालते की सावकाश, विकत घ्यावी लागते की विनामूल्य मिळते, एवढ्या प्रश्नांपाशी तिचे मूल्यमापन थांबते. वास्तविक मोठी आज्ञावली ही अनेक हातांनी, अनेक वर्षे लिहिलेली एक संहिता असते. तिच्यामागे भूमिका असते, तिच्या रचनेत त्या भूमिकेचे पडसाद असतात आणि तिच्यातील गुणदोषांचे परिणाम वाचकाला, म्हणजे विद्यार्थ्याला व शिक्षकाला, भोगावे लागतात.

प्रस्तुत लेखात जीएनयू कंपायलर कलेक्शन, अर्थात जीसीसी, या प्रणालीचा अशा संहितेच्या अंगाने विचार केला आहे. मनुष्याने सी, फोर्ट्रान किंवा अडा यांसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवणाऱ्या अनुवादकाला कंपायलर म्हणतात. जीसीसी हा एका भाषेचा अनुवादक नव्हे. अनेक भाषांतून अनेक यंत्रांसाठी अनुवाद करणारी ती एक मुक्त प्रणाली आहे. तिची मूळ संहिता कोणालाही मिळते, वाचता येते, बदलता येते आणि बदलासह वाटता येते. प्रश्न असा आहे की, वाचण्याचा हक्क मिळाला म्हणजे वाचन घडते काय? या लेखाचे प्रतिपादन असे की, जीसीसीने वाचनाचा हक्क निर्विवादपणे दिला. परंतु तिच्या रचनेने ते वाचन दीर्घकाळ अवघड ठेवले, आणि हा अवघडपणा काही अंशी हेतुपूर्वक राखलेला होता. या हक्काचे प्रत्यक्ष ज्ञानात रूपांतर करण्याचे काम परवान्याने होत नाही. ते अध्यापनाने करावे लागते. म्हणूनच हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांचा न राहता एकूण महाविद्यालयीन अध्यापनाशी निगडित होतो.

निर्मितीची पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि जानेवारी १९८४ पासून प्रत्यक्ष कामास आरंभ केला. युनिक्ससारखी, पण संपूर्णतः मुक्त अशी कार्यप्रणाली उभी करणे हा त्यांचा उद्देश होता. अशा कार्यप्रणालीसाठी कंपायलर ही पहिली गरज होती. कारण कंपायलर दुसऱ्याच्या मालकीचा असेल, तर त्यावर उभारलेली प्रत्येक आज्ञावली त्या मालकाच्या अटींवर अवलंबून राहते. आरंभी स्टॉलमन यांनी तयार कंपायलर मिळतो का, याचा शोध घेतला. ॲमस्टरडॅम येथील फ्री युनिव्हर्सिटीत अनेक भाषा व अनेक यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून कंपायलर-संच तयार झाला होता. तो वापरता येईल का, अशी विचारणा केली असता विद्यापीठ ‘फ्री’ असले तरी कंपायलर तसा नाही, असे उत्तर आल्याचे स्टॉलमन यांनी नमूद केले आहे. त्यानंतर लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेला पास्टेल हा कंपायलर त्यांनी पाहिला. परंतु तो स्मृतीचा इतका वापर करी की, त्या काळातील लहान यंत्रांवर तो चालणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी नवा कंपायलर लिहावयास घेतला. त्याची पहिली चाचणी-आवृत्ती मार्च १९८७ मध्ये प्रसृत झाली.

या कंपायलरने पुढे जे साधले ते विसरून त्याची समीक्षा करणे अन्यायाचे होईल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सच्या केंद्रकाचे काम केले ते याच कंपायलरच्या आधारे. आरंभी केवळ सी भाषेपुरत्या असलेल्या या प्रणालीत १९८७ अखेर मायकेल टीमन यांच्या प्रयत्नाने सी प्लस प्लस आली. पुढे ऑब्जेक्टिव्ह सी, फोर्ट्रान, अडा, गो, डी या भाषा आल्या. २०२३ मधील तेराव्या आवृत्तीत मॉड्युला-२ आणि २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीत कोबोल यांचा समावेश झाला. जावाला मात्र २०१७ मधील सातव्या आवृत्तीत निरोप देण्यात आला. १९९९ मध्ये ‘जीएनयू सी कंपायलर’ हे मूळ नाव बदलून ‘जीएनयू कंपायलर कलेक्शन’ असे करण्यात आले, ते या विस्ताराला धरूनच होते.

मागणी करीत न बसता पर्यायी व्यवस्था स्वतः उभी करणे, ही वृत्ती आपल्या परिसराला अपरिचित नाही. कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळातील सातारच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होते. प्राण पणाला लावून चालवलेल्या त्या लढ्याशी एका संगणकप्रणालीची तुलना ताणणे योग्य नाही. तथापि त्या इतिहासातील एक धडा येथे लागू पडतो. परकी सत्ता नाकारण्याबरोबरच न्यायदान मंडळांसारख्या स्वतःच्या संस्था लोकांमध्ये जाऊन चालवाव्या लागल्या. पर्यायी व्यवस्थेचा कस तिच्या जाहीरनाम्यावर लागत नाही. सामान्य माणसाला ती हाताळता येते का, यावर तो लागतो. जीसीसीलाही हीच कसोटी लावावयास हवी.

रचनेचे वैशिष्ट्य

भाषा अनेक आणि यंत्रे अनेक असतील, तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र अनुवादक लिहिणे परवडत नाही. पाच भाषा आणि सहा प्रकारची यंत्रे धरली, तर तीस अनुवादक लागतील. त्याऐवजी मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, तर पाच अनुवादक त्या मध्यवर्ती भाषेपर्यंत आणि सहा अनुवादक तेथून यंत्रापर्यंत, असे अकरा पुरतात. संस्कृत जाणणाऱ्या दोन भिन्न प्रांतांतील पंडितांनी परस्परांची बोली न शिकता संवाद साधावा, त्यातलाच हा प्रकार. जीसीसीची बहुभाषिकता आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाण्याची तिची क्षमता या तत्त्वावर उभी आहे.

जीसीसीची सर्वांत जुनी मध्यवर्ती भाषा म्हणजे आरटीएल. जॅक डेव्हिडसन व ख्रिस्तोफर फ्रेझर यांच्या संशोधनातून ती कल्पना घेतलेली आहे. ही भाषा यंत्राच्या फार जवळची होती. त्यामुळे मूळ आज्ञावलीतील आशयाची पातळी, म्हणजे कोणता चक्राकार भाग, कोणती सारणी, हे तिच्यात उतरेपर्यंत पुसट होत असे. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीने ही उणीव दूर केली. तेव्हापासून प्रत्येक भाषेची आज्ञावली जेनेरिक व गिंपल या वरच्या पातळीवरील रूपांतून जाते. गिंपलमध्ये गुंतागुंतीच्या विधानांचे लहान लहान, साध्या विधानांत विघटन केलेले असते. त्यावर सुधारणेच्या अनेक फेऱ्या होतात, मग आरटीएल आणि शेवटी यंत्राची भाषा, असा हा प्रवास आहे. पहिल्या आवृत्तीनंतर अठरा वर्षांनी एखाद्या प्रणालीने आपल्या आतील मांडणीत एवढा मूलभूत बदल करावा आणि तो करीत असताना जगभरचे वापरकर्ते खोळंबू नयेत, ही गोष्ट विशेष दाद देण्याजोगी आहे.

परंतु वाचकाची खरी अडचण पुढे आहे. जीसीसीमध्ये प्रत्येक यंत्राचे वर्णन एका स्वतंत्र फाइलमध्ये केलेले असते. या यंत्राला बेरीज कशी सांगावयाची, स्मृतीतून संख्या कशी उचलावयाची, याचे नमुने तेथे दिलेले असतात. कंपायलरची उभारणी होताना काही सहायक आज्ञावली ही वर्णने वाचतात आणि त्यांतून सी भाषेतील नवी संहिता निर्माण करतात. ती संहिता मग उरलेल्या भागाशी जोडली जाते. म्हणजे जी संहिता अखेरीस चालते, तिचा मोठा भाग आपण उतरवून घेतलेल्या संहितेत नसतोच. तो उभारणीच्या वेळी जन्माला येतो. एका अर्थी जीसीसी हा कंपायलर नसून कंपायलर निर्माण करणारा कारखाना आहे. पाणिनीच्या सूत्रांत शब्दांची यादी नसते, शब्द सिद्ध करणारे नियम असतात. भाष्यावाचून केवळ सूत्रे वाचणारा गोंधळतो. जीसीसीच्या वाचकाची अवस्था तशीच होते. येथे केवळ संहिता उघडी असून भागत नाही, भाष्य हवे असते.

त्यात आणखी एक पेच आहे. जीसीसी स्वतःच स्वतःला तयार करते. यंत्रावर आधीपासून असलेल्या कंपायलरने जीसीसी तयार करावयाची, तिने पुन्हा तीच संहिता घेऊन स्वतःला तयार करावयाचे, आणि या दुसऱ्या प्रतीने तिसरी प्रत तयार करावयाची. दुसरी व तिसरी प्रत जुळली तर उभारणी निर्दोष मानावयाची. ही तीन टप्प्यांची पद्धत पाठशुद्धीच्या दृष्टीने उत्तम आहे. तथापि केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, कंपायलरमध्ये दडवलेली खोड संहितेतून पुसून टाकली तरी त्याच्या पुढील प्रतींत टिकून राहू शकते. थोडक्यात, संहिता उपलब्ध असणे ही विश्वासाची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे.

परवाना आणि बंदिस्त रचना

जीसीसीच्या परवान्याची अट सर्वश्रुत आहे. या संहितेत बदल करून कोणी ती इतरांना देणार असेल, तर बदललेली मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. या अटीचे फळ लवकरच दिसले. नेक्स्ट या कंपनीने ऑब्जेक्टिव्ह सी भाषेचा भाग जीसीसीच्या आधारे तयार केला. तो स्वतःपाशी राखण्याचा तिचा विचार होता. परवान्याच्या अटीमुळे तो मुक्त करावा लागला आणि सर्वांच्या उपयोगी पडला. सी प्लस प्लसबाबतही असेच म्हणता येईल. टीमन ज्या संशोधनसंस्थेत काम करीत होते, ती एरवी आपले काम खुले करणारी नव्हती. परवान्याने संस्थांना उदार केले नाही. पण औदार्यावाचूनही संहिता खुली राहील, अशी तजवीज केली.

या यशाची दुसरी बाजू मात्र क्वचितच मांडली जाते. परवाना जोडलेल्या संहितेला लागू होतो. केवळ फाइलची देवाणघेवाण करणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलीला तो लागू करणे कठीण. जीसीसीने आपली मध्यवर्ती भाषा एखाद्या फाइलमध्ये व्यवस्थित, पूर्ण आणि स्थिर रूपात लिहून दिली असती, तर कोणीही ती वाचून पुढील भाग बंदिस्त स्वरूपात तयार करू शकला असता. ही भीती स्टॉलमन यांनी वेळोवेळी उघडपणे व्यक्त केली आणि त्या दिशेने जाणाऱ्या सूचनांना विरोध केला. परिणामी जीसीसीचे विभाग एकमेकांत गुंतलेले राहिले. बाहेरच्या कंपनीला अडवण्यासाठी घातलेले कुंपण अभ्यासकाच्याही वाटेत आले. ज्याला केवळ एका टप्प्याचा अभ्यास करावयाचा आहे, त्यालाही सगळ्या वाड्यातून फिरावे लागे.

विकासाची प्रक्रियाही काही काळ मोजक्या हातांत अडकली होती. त्या असंतोषातून १९९७ मध्ये ईजीसीएस हा स्वतंत्र प्रवाह निघाला. एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. वेगळ्या वाटेने गेलेल्या मंडळींकडे मूळ संस्थेने धुरा सोपवावी, हे उदाहरण संस्थात्मक इतिहासात विरळा होय. आणि मुक्त परवान्याशिवाय ते संभवले नसते. बंदिस्त रचनेचा प्रश्न मात्र यामुळे सुटला नाही.

तो सुटू लागला बाहेरच्या स्पर्धेमुळे. इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी विकसित केलेली एलएलव्हीएम ही प्रणाली सुट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या भागांची होती. तिची मध्यवर्ती भाषा फाइलमध्ये लिहिता येते, वाचता येते, हाताने बदलून पुन्हा प्रणालीस देता येते. लॅटनर यांनी २००५ मध्ये ती जीसीसीशी जोडण्याचा प्रस्ताव जाहीरपणे मांडला होता. तो साकार झाला नाही. २००७ मध्ये क्लँग हा तिचा सी भाषेचा भाग खुला झाला, आणि जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीने प्रमुख यंत्रांवर जीसीसीऐवजी क्लँगचा अवलंब केला. याच सुमारास जीसीसीने आपली दारे किलकिली केली. जानेवारी २००९ मध्ये परवान्यातील अपवादाची नवी मांडणी झाली आणि एप्रिल २०१० मधील ४.५ या आवृत्तीत बाहेरून जोडभाग लावण्याची सोय आली. २०१३ मधील ४.८ या आवृत्तीपासून चूक नेमकी कोठे आहे, ती ओळ व ते स्थान दाखवून सांगितले जाऊ लागले.

येथे समीक्षकाला एक निवाडा द्यावा लागतो. एलएलव्हीएमचा परवाना सैल आहे. तिच्यावर बेतलेली संहिता कोणीही बंद करू शकतो. जीसीसी बंद करता येत नाही. म्हणजे एक प्रणाली वाचण्यास सोपी परंतु बंद करता येण्याजोगी, आणि दुसरी बंद न करता येणारी परंतु वाचण्यास अवघड, असा हा पेच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते १९८७ ते २००० या काळात, जेव्हा मुक्त कंपायलर एकच होता, तेव्हा घातलेले कुंपण समर्थनीय होते. त्याशिवाय कदाचित ऑब्जेक्टिव्ह सीसारखे भाग खुले झाले नसते. परंतु त्या कुंपणाची किंमत कोणी दिली, याचा हिशेब मांडावयास हवा. ती बड्या कंपन्यांनी दिली नाही; त्यांच्याजवळ संहितेत बुडी मारणारे जाणकार होते. ती दिली ज्यांच्याजवळ जाणकार नव्हते त्यांनी, म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थी-शिक्षकांनी.

मुंबईतील भाष्यपरंपरा

ही उणीव ओळखून भारतात झालेला सर्वांत अर्थपूर्ण प्रयत्न मुंबईचा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कंपायलरच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. प्रा. धनंजय धामधेरे यांचे प्रणाली-आज्ञावलीवरील पाठ्यपुस्तक अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी हाताळले आहे. एकच गणित पुन्हा पुन्हा केले जात असेल, तर ते एकदाच योग्य जागी करावे, या सुधारणेवरील त्यांचे संशोधन १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचे विद्यार्थी प्रा. उदय खेडकर यांनी याच संस्थेत जीसीसी रिसोर्स सेंटरचे काम उभे केले. मुक्त सॉफ्टवेअरला उत्तेजन देण्याच्या केंद्र शासनाच्या उपक्रमाचा त्याला आधार होता. खेडकर, अमिताभ सन्याल व त्यांच्या सहलेखिका यांच्या २००९ मधील ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात सिद्धान्ताबरोबरच जीसीसीमधील प्रत्यक्ष अंमलबजावणीही मांडलेली आहे.

या केंद्राच्या ‘इसेन्शियल ॲबस्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळांची पद्धत अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. संपूर्ण संहिता पहिल्या ओळीपासून वाचण्याचा आग्रह तेथे नाही. प्रथम प्रत्येक टप्प्यावर आज्ञावलीचे जे मधले रूप होते ते फाइलमध्ये उतरवून घ्यावयाचे आणि दोन टप्प्यांमधील फरक पाहून आत काय घडले असेल याचा तर्क करावयाचा. पेटी पूर्ण बंद नाही, पूर्ण उघडीही नाही. अर्धवट पारदर्शक आहे, असे समजून केलेला हा अभ्यास. यंत्रवर्णनाच्या बाबतीतही एकदम मोठे वर्णन वाचावयास न देता, आधी अगदी किमान वर्णन आणि मग पायरीपायरीने वाढणारी वर्णने विद्यार्थ्यांपुढे ठेवली गेली. कठीण ग्रंथावर बालबोध टीका लिहून तो लोकांच्या हाती देण्याची महाराष्ट्राची जी जुनी रीत आहे, तिच्याशी या कामाचे नाते आहे. परवाना जे देऊ शकत नव्हता, ते या भाष्याने दिले.

या प्रयत्नाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. असे अध्यापन मुख्यतः अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर स्तरावरील अभ्यासकांना डोळ्यांपुढे ठेवून झाले. विज्ञान, वाणिज्य वा संगणक-उपयोजन शाखेच्या पदवी वर्गापर्यंत ते झिरपण्यासाठी मधली पायरी लागते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी व सी प्लस प्लसचे प्राथमिक पाठ जीसीसीवर आधारून तयार केले आणि ते मराठीतूनही ऐकावयास मिळतात, ही समाधानाची बाब. परंतु ते वापराचे पाठ आहेत, वाचनाचे नव्हेत.

महाविद्यालयीन अध्यापन आणि टर्बो सी

बोरलँड कंपनीचा टर्बो सीही १९८७ मध्येच बाजारात आला. लहान यंत्रावर चालणारा, संपादन व अनुवाद एकाच पडद्यावर देणारा, अशा या कंपायलरने महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आज्ञावली-लेखनाचे पहिले धडे दिले. त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे युग संपल्यानंतरही तो प्रयोगशाळांतून हटला नाही. नव्या यंत्रांवर तो थेट चालेना, तेव्हा जुन्या यंत्राचा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीच्या आत तो चालवण्यात आला. पुढे बोरलँडने टर्बो सीच्या काही जुन्या आवृत्त्या विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. येथे मराठी भाषेने आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत एकाच शब्दाने व्यक्त होणाऱ्या दोन कल्पनांना मराठीत दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. टर्बो सी फुकट झाला, मुक्त झाला नाही. जीसीसी फुकट मिळते ही दुय्यम गोष्ट. ती मुक्त आहे ही मुख्य.

दोहोंतील फरक एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. संख्येचे क्रमगुणित काढण्याची आज्ञावली प्रत्येक विद्यार्थी लिहितो. टर्बो सीमध्ये साधी पूर्णांक संख्या सोळा बिटांची असते, त्यामुळे ३२७६७ ही तिची कमाल मर्यादा. सातचे क्रमगुणित ५०४० बरोबर येते. आठचे ४०३२० यावयाच्या ऐवजी उणे २५२१६ असे छापले जाते. आजच्या संगणकावरील जीसीसीमध्ये तीच आज्ञावली बारापर्यंत, म्हणजे ४७९००१६०० पर्यंत बरोबर चालते आणि तेराला ढळते. ज्या विद्यार्थ्याने ‘पूर्णांकाची मर्यादा ३२७६७’ हे भाषेचे वैशिष्ट्य म्हणून पाठ केले, त्याने एका कंपनीच्या एका जुन्या उत्पादनाची सवय ही भाषेचा नियम म्हणून शिकली.

परीक्षेतील प्रश्नांत हा दोष अधिक खोल गेला आहे. एकाच विधानात एक चल दोनदा वाढवून त्याचे मूल्य विचारणारे बहुपर्यायी प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. सी भाषेच्या प्रमाणानुसार अशा विधानाला निश्चित अर्थच नाही. टर्बो सी जे उत्तर देई ते ‘बरोबर’ मानून गुण दिले गेले. जीसीसीला सर्व प्रमुख इशारे देण्यास सांगितले, तर ती अशा ओळीवर बोट ठेवून सांगते की, या क्रियेला निश्चित अर्थ नसण्याची शक्यता आहे. म्हणजे ज्या प्रश्नाला उत्तर नाही, त्याचे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या तपासत आलो आणि कंपायलर मात्र प्रश्नच चुकीचा आहे असे सांगत होता. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेशी निगडित असल्यामुळे ही बाब तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

आता केवळ टर्बो सी काढून जीसीसी बसवली म्हणजे प्रश्न सुटला काय? तसे झाले तर एका बंद पेटीच्या जागी दुसरी न उघडलेली पेटी आली, एवढेच. कुंडलपासून जवळच, त्या वेळच्या कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर औंधच्या अधिपतींनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. तेथील नांगर व पंप कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने वापरले. पंप वापरणाऱ्याने त्याचा आराखडा वाचावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु पंप घडवण्याचे शिक्षण देणारी संस्था विद्यार्थ्यापुढे पंप उघडतच नसेल, तर तिने फक्त वापरणारे तयार केले असे म्हणावे लागेल. संगणकशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाला हेच लागू आहे.

पेटी उघडणे अवघडही नाही. क्रमगुणिताचीच स्वतःला पुन्हा पुन्हा हाक मारणारी आज्ञावली जीसीसीला द्यावी, सुधारणांचा दुसरा स्तर चालू करावा आणि प्रत्येक फेरीनंतरचे गिंपल रूप फाइलमध्ये उतरवून घ्यावे. आरंभीच्या फाइलमध्ये फलन स्वतःला हाक मारताना दिसते; एका ठरावीक फेरीनंतर ती हाक नाहीशी होऊन तिच्या जागी साधे चक्र आलेले दिसते. पुनरावर्तन आणि चक्र यांची तुल्यता फळ्यावर सिद्ध करावयास तासभर लागतो; येथे ती विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घडते. त्यासाठी खर्च नाही, परवानगी नाही, वेगळे यंत्र नाही.

मराठीचा प्रश्न

मुक्त संहितेचा लाभ कोणत्या भाषेतून घ्यावयाचा, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने चलांच्या नावांत देवनागरी अक्षरांना स्थान दिले होते. ती अक्षरे थेट लिहिण्याची सोय मात्र जीसीसीच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीत आली. आज ‘बेरीज’, ‘व्याजदर’ ही नावे देवनागरीत लिहून आज्ञावली चालवता येते. याउलट चूक झाल्यावर येणारे संदेश पाहावेत. त्यांच्या भाषांतराची व्यवस्था जीसीसीमध्ये आहे. फ्रेंच, जर्मन, जपानी, तुर्की, व्हिएतनामी अशा भाषांत ती भाषांतरे झाली आहेत. मराठी त्यांत नाही. येथे कोणाची मनाई नाही, शुल्क नाही. केवळ काम कोणी केलेले नाही. भाषा विभाग आणि संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन करण्याजोगे, बहुविद्याशाखीय या शब्दाला अर्थ देणारे हे काम आहे.

समारोप

जीसीसीच्या या विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात. एक, मध्यवर्ती भाषेच्या तत्त्वावर उभी असलेली, अनेक भाषा व अनेक यंत्रे सांभाळणारी ही प्रणाली रचनेच्या दृष्टीने मोठी कृती आहे आणि तिच्या परवान्याने अनेक बंद दारे उघडली. दोन, ती मुक्त राखण्यासाठी स्वीकारलेली गुंतागुंत अभ्यासकाला महाग पडली. ही त्रुटी स्पर्धेच्या दडपणाखाली उशिरा आणि अंशतः दूर झाली. तीन, संहिता उघडी असणे आणि ती वाचली जाणे यांतील अंतर भाष्याने भरून निघते, हे मुंबईच्या प्रयत्नाने दाखवून दिले. चार, आपल्या अभ्यासक्रमांनी व परीक्षांनी कंपायलरच्या सवयीला भाषेचा नियम मानण्याची चूक सुधारली पाहिजे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने प्रत्येक प्रश्न आधी इशारे चालू ठेवून जीसीसीकडून तपासून घ्यावा, एवढी किमान दक्षता तरी तातडीने घेता येईल.

संहिता मुक्त करणाऱ्यांनी आपले काम केले आहे. यापुढील उत्तरदायित्व वाचकाचे आहे, आणि वाचक घडवणे हे तर महाविद्यालयाचे मूळ काम आहे. आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर जी संहिता विनाअट उतरवून घेता येते, तिचे एक पानही वर्षभरात वर्गात वाचले जात नसेल, तर ती मुक्त असूनही आपल्यापुरती बंदच राहिली, असे म्हणणे प्राप्त होते.